पुसलेला पत्ता

धारूरच्या दवाखान्यात तो मला एकदाच भेटला. उजव्या हाताला पट्टी बांधून घेऊन तो बाकावर टेकला होता. लसींच्या फ्रिजचं तापमान सिस्टरांच्या मोबाईलवर पाठवणारा डबा मी दुरुस्त करत होतो. घाईत त्याच्या सुरुवातीच्या सेटिंगमधला नेटवर्कवर त्याची ओळख पटवणारा पत्ता माझ्या हातून पुसला गेला. आता फ्रिज बंद पडला तरी कुणाला कळणार नव्हतं.

शेजारच्या दुसऱ्या फ्रिजच्या डब्याचाच पत्ता मी त्यात भरू लागलो, तसा तो उठला.

"असं कावून करताव? दोघा भावांला एकच आधार नंबर देताव का? मी परळीत हेच काम करतो. राउटरला विचारा, त्याला जुना पत्ता याद असतो."

खरंच होता. डाव्या बोटानं माझ्या लॅपटॉपच्या पडद्यावरची अक्षर-आकड्यांची एकेक जोडी दाखवत त्यानं तो मोठ्यानं वाचला, मी टाइप केला. टेबलापाशी बसून ऐकणाऱ्या सिस्टरांचा मोबाईल वाजला.

"आलं बाई तापमान! पण जुना पत्ता पुसला कुणी?"

मी डब्याचे स्क्रू आवळू लागलो. माझ्याकडं न बघता तोच म्हणाला, "माझ्या हातून बी एकदा पुसला गेलता, सिस्टर. लई घाबरलतो."

त्याचे उपकार मी विसरलेलो नाही. त्याच्यामुळंच मला तोंड उघडता आलं, "मीच पुसला, सिस्टर."