वाडीची अट

आमच्या घराण्याची वसईतली केळीची वाडी पोर्तुगीज अमदानीपासून कधीच वाटली गेली नव्हती. तिच्या कोपऱ्यात एक छोटं चॅपल आहे. ज्या पूर्वजानं ते बांधलं, तो आणि त्याची बायको त्याच्याच फरशीखाली पुरलेली आहेत. मरताना त्यानं अट घातली: वाडी अखंड थोरल्या मुलाकडे जावी आणि त्याबदली थोरल्यानं दर नोव्हेंबरात, मृतांच्या महिन्यात, घराण्यातल्या सगळ्या आत्म्यांसाठी फादरकडून मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, करवून घ्यावी. स्वतः हजर राहून. कायद्यात या अटीला आता काही अर्थ नव्हता. बाबांच्या लेखी होता.

थोरला मी, आणि मी इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीत सॉफ्टवेअरची नोकरी करत होतो. वाडीला पाणी धाकटा भाऊ लावायचा. चॅपल झाडायचा तो, पावसाळ्याआधी कौलं चाळायचा तोच.

बाबांनी मृत्युपत्र करायला घेतलं तेव्हा फोनवर सरळ विचारलं, "तू काही परत येणार नाहीस ना? मग धाकट्याच्या नावावर करतो. मेलेल्यांचं कुणीतरी बघायला हवं."

मला त्या वाडीची गरज नव्हती. इथे घर होतं, मुलं शाळेत रुळली होती. तरी ती दुसऱ्याची होणार म्हटल्यावर आत काहीतरी टोचलं. मी म्हणालो, "बाबा, मिस्सा इथेही होते. मी इथल्या चर्चमध्ये करवून घेईन."

बाबांनी गावच्या फादरना विचारलं. मिस्सा कुठेही केली तरी मिस्साच, असं फादर म्हणाले. वाडी माझ्या नावे लिहिली गेली.

पहिल्या वर्षी मी खरंच करवून घेतली. दुसऱ्या नोव्हेंबरात ऑफिसात मोठं रिलीज होतं. महिना कधी सरला कळलंच नाही. डिसेंबरात बाबांचा फोन आला.

"मिस्सा झाली ना रे?"

"हो."

"माणसं किती होती?"

"वीसेक."

"फादरनी झगा कुठला घातला होता? काळा की जांभळा?"

"जांभळा."

"बरं झालं. काळा बघितला की मला उगाच भीती वाटते."

पुढची तीन वर्षंही मी असंच सांगितलं. चर्च घरापासून चालत दहा मिनिटांवर होतं, पण एकदा खोटं बोलल्यावर तिथे जाणं अधिकच जड झालं. खरं वाटावं म्हणून मी तपशील घालायचो. एका वर्षी म्हणालो, मागे बसलेली एक आयरिश आजीबाई सारखी रडत होती. बाबा म्हणाले, "अरेरे, कोण गेलं असेल बिचारीचं?"

मग बाबाच गेले. मी मातीला पोचलो. दुसऱ्या दिवशी भाऊ चॅपल झाडत होता, तेव्हा त्याला सगळं सांगून टाकलं आणि म्हणालो, "वाडी तुझ्या नावावर करून देतो."

तो झाडायचा थांबला. "म्हणजे ती रडणारी आजीही नव्हती?"

"नव्हती."

"दादा, बाबा रोज संध्याकाळच्या प्रार्थनेत तिच्यासाठी मागायचे. आम्हालाही मागायला लावायचे. माझी पोरगी अजून मागते."

तो पुन्हा झाडायला लागला.

"कागद पाठव," शेवटी तो म्हणाला. "आणि नोव्हेंबरात ये. बाबांचं पहिलं वर्ष आहे. पण पुढच्या, थोरल्याच्या बाकावर बसू नकोस."

मी गेलो. चॅपलमध्ये सहाच बाकं आहेत. शेवटच्या बाकावर शेजारचे गडी सरकून मला जागा द्यायला लागले, "अहो, तुम्ही पुढे जा ना," म्हणाले. मी नको म्हटलं. पुढे भावानं मेलेल्यांची नावं वाचायला घेतली. बाबांच्या नावापाशी तो अडखळला. त्यानं पाणीही मागितलं नाही, आणि उरलेली नावं वाचायला मी जागचा उठलो नाही.