भट्टीपुढचा आरसा

कुंभारकामाच्या वर्गात मॅडमनी भट्टीच्या भोकापुढे छोटा आरसा धरला आणि तो वाफेने धुरकटला. "आत कुणाचं तरी भांडं ओलं आहे," त्या म्हणाल्या. माझंच असणार. माझ्या वाडग्याचा तळ जाड राहिलाय, आणि जाड माती आतून लवकर वाळत नाही.

भट्टी पुढे हजार अंशांवर जाणार, पण भांडी फुटतात ती पहिल्या शंभरातच. आतल्या ओलीची एकदम वाफ झाली की भांडं फुटतं आणि शेजारच्यालाही घेऊन जातं. माझ्या शेजारी सुजाताची बरणी आहे. "फुटली तर खापर तुझ्याच डोक्यावर फोडणार हं!" ती हसत म्हणाली.

आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. बाबा फोनवर विचारतात, "जमतंय ना गं?" मी "हो" म्हणते. वरून कोरडं दिसणं मला जमतं. पण माझ्यापुढे कुणी असा आरसा धरला तर?

"मॅडम, माझा तळ जाड आहे," मी कसंबसं म्हटलं.

"मग आच वाढवायला नको. थांबू या." त्यांनी आरसा माझ्याकडे दिला.

मी श्वास रोखून तो धरला. तो पुन्हा धुरकटला. शेजारी सुजाताही श्वास रोखून उभी होती. आता ती हसत नव्हती.