उजव्या हाताचा भार

चार वर्षं मी रोज वंदना म्हणत होते, पण मनापासून नाही. ओठ हलायचे, उदबत्तीचा धूर वर जायचा आणि माझं सगळं लक्ष उजव्या हाताकडे असायचं. आम्ही मूळचे नांदेडकडचे, बौद्ध. मिस्टरांच्या रेल्वेतल्या नोकरीमुळे पंचवीस वर्षांपूर्वी हैदराबादला आलो आणि विद्यानगरातलेच होऊन गेलो. नवस, साक्षात्कार असल्या गोष्टी आमच्या घरात कुणी बोलत नाही. लहानपणापासून तसं शिकवलंच नाही. म्हणून हे लिहावं की नाही, याचा मी पुष्कळ दिवस विचार केला. मला काही सिद्ध करायचं नाही. जसं घडलं तसं सांगते.

मला स्तनाचा कर्करोग झाला होता. ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठी काढल्या, रेडिएशनचे शेक दिले, आणि वर्षभरात मी परत ऑफिसात फायली काढायला लागले. सगळे म्हणाले, सुटलात. मीही तेच धरून चालले होते. मग एका सकाळी बांगडी मनगटाच्या वर चढेना. महिन्याभरात बोटं फुगली, मग कोपर, मग दंड. हात असा जड, की जणू कुणाचं तरी ओलं अंथरूण मी खांद्याला लटकवून फिरते आहे. जवळच्या डॉक्टरांना दाखवलं तर ते म्हणाले, अशा ऑपरेशननंतर हे चालायचंच, सवय करून घ्या. एका बाईकडून तेल लावून जोरजोरात मालिश करून घेतली, त्याने सूज उलट वाढली. शेवटी मी त्या हाताकडे बघणंच सोडलं. उन्हाळ्यातसुद्धा लांब बाह्या घालायचे, वरून पदर घ्यायचे. विहारात बायका प्रेमानेच विचारायच्या, "ताई, हाताला काय झालं?" पण ते प्रेमही सोसेना, म्हणून रविवारी विहारात जाणं बंद केलं. मुलगी स्नेहल कुकटपल्लीला नोकरी करते. ती फोनवर म्हणायची, "मम्मी, एकदा चांगल्या ठिकाणी दाखवून तर ये ना, प्लीज." मी बरं म्हणायचे आणि फोन ठेवायचे. खरं सांगायचं तर मला राग होता. एवढं सोसलं, वरून हे कशाला, असा. आणि तो राग कुणावर काढायचा हेही कळत नव्हतं, कारण आमच्याकडे वर कुणी बसलेला नाही.

वैशाखाचे दिवस होते. बुद्धजयंती चार दिवसांवर आली होती. मिस्टर म्हणाले, "या वर्षी तरी चल. मी सोबत आहे ना." मी हो म्हटलं, पण पांढऱ्या साडीवरचं ब्लाउज काढून बघितलं तर उजवी बाही कोपराच्या वर सरकेना. नवीन शिवायला हवं होतं. आमच्या गल्लीतली शिलाईवाली लग्नासाठी गावी गेली होती. म्हणून शनिवारी दुपारी मी हिमायतनगरला कापड घ्यायला गेले. दुकानदाराने वर बोट दाखवून सांगितलं, शेजारच्या जिन्याने जा, वर लेडीज टेलर आहे.

त्या दुपारचं मला सगळं धुक्यातून पाहिल्यासारखं आठवतं. ऊन पांढरं होऊन रस्त्यावर पसरलं होतं. गाड्यांचे आवाज फार लांबून, पाण्याखालून यावेत तसे येत होते. अंगाला बारीक कापरं होतं. मला वाटलं, उन्हाने असेल. जिना चढताना पायऱ्या मऊ लागत होत्या. वर गेले आणि समोरच्या उघड्या दारातून आत शिरले. नंतर कळलं, दुकानदाराने सांगितलेला टेलर त्या जिन्यावर नव्हताच, तो पलीकडच्या इमारतीत होता. मी चुकीचा जिना चढले होते.

आत एक साठीच्या मुसलमान बाई शिलाई मशीनपाशी बसल्या होत्या. गळ्यात टेप, चष्मा दोऱ्याने बांधलेला. खिडकीला हिरवा पडदा होता आणि त्यातून येणारा उजेड सगळ्या खोलीभर हिरवा पडला होता. त्यांनी मला बसवलं, माठातलं पाणी दिलं आणि माप घ्यायला उभं केलं. डाव्या दंडाचं माप घेतलं, वहीत लिहिलं. मग उजव्या दंडाला टेप लावली आणि थांबल्या. त्यांनी टेप सोडून दिली आणि माझा हात दोन्ही तळव्यांत धरला. चार वर्षांत माझा तो हात असा कुणी धरला नव्हता.

"बाजी, ये हात तो तप रा है," त्या म्हणाल्या. "बुखार है क्या?"

मी म्हटलं, "नहीं, धूप में से आई, इसलिए."

"धूप से एकइच हात गरम होता क्या?" त्यांनी न विचारताच माझी बाही वर सरकवली. आतल्या बाजूला मनगटापासून दंडापर्यंत लालभडक चट्टा पसरला होता. मी तो पाहिलाच नव्हता. पाहणार कशी? दोन दिवसांपूर्वी लोणच्यासाठी कैऱ्या चिरताना बोटाला जरासं कापलं होतं, त्यावर हळद दाबून मी विसरून गेले होते.

"ब्लाउज नक्को," त्या म्हणाल्या. "मैं नहीं सीती. पहले दवाखाने जाओ, आज इच जाओ. मेरी छोटी बहन का बी ऐसाइच हात था. लाल हुआ, कंपकंपी आई, हम बोले कल देखेंगे." एवढं बोलून त्या उठल्या. मशीनवरचं कापड बाजूला सारलं, दाराला कडी लावली आणि माझा डावा हात धरून मला खाली घेऊन आल्या. रिक्षा थांबवली, रिक्षावाल्याला हॉस्पिटलचा रस्ता दोनदा समजावला. मी मिस्टरांना फोन लावत होते, पण बोटं ऐकत नव्हती. त्यांनीच तो लावून दिला. रिक्षा हलली तेव्हा त्या रस्त्याच्या कडेला उन्हात उभ्या होत्या, गळ्यात टेप तशीच.

हॉस्पिटलमध्ये पोचेपर्यंत थंडीने माझे दात वाजू लागले होते. डॉक्टर म्हणाले, त्या छोट्या जखमेतून जंतू आत शिरले. सुजलेल्या हातात त्यांना अडवणारं कुणी नसतं, म्हणून ते इतक्या झपाट्याने पसरतात. उद्यापर्यंत थांबला असतात तर रक्तात गेले असते. मिस्टर भिंतीला टेकून उभे होते. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरला होता.

पाच दिवस मी तिथे होते. बुद्धजयंती तशीच गेली. तापात दिवस की स्वप्न हे कळत नव्हतं. एका दुपारी मला वाटलं, मी आमच्या गोदावरीच्या घाटावर आहे, पाणी अगदी स्थिर आहे आणि कुणीतरी माझ्या हाताचं माप घेतं आहे. पुन्हापुन्हा, अगदी हळुवार. आकडा मात्र सांगत नाही. मी विचारते, किती झालं? तर ते माणूस फक्त टेप सरळ करतं आणि परत लावतं. चेहरा मला दिसला नाही. जागी झाले तेव्हा उशी डोळ्यांतल्या पाण्याने भिजली होती, पण बरं वाटत होतं. ताप उतरायला त्या संध्याकाळपासून सुरुवात झाली. औषधांनीच उतरला, हे मला ठाऊक आहे.

घरी सोडताना डॉक्टरांनी विचारलं, "या सुजेवर थेरपी घेतली नाहीत कधी?" अशी काही थेरपी असते हेच मला माहीत नव्हतं. जंतुसंसर्ग पूर्ण गेल्यावर त्यांनी एका फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. ती चाळिशीतली तेलुगू बाई, आवाज अगदी खालचा. मी पहिल्या दिवशी दात घट्ट आवळून पडले, कारण आता जोराची मालिश होणार असं मला वाटलं होतं. तिने हाताला स्पर्शच केला नाही. आधी मानेला, मग डाव्या काखेला, मग छातीच्या त्वचेला, आणि तोही स्पर्श असा, की झोपलेल्या बाळाच्या गालावरून बोट फिरवावं. मी विचारलं, "हात इकडे आहे, तुम्ही तिकडे काय करताय?" ती हसली. हिंदीतून म्हणाली, हातात साठलेल्या पाण्याला पुढे जायला जागा हवी ना अम्मा? आधी पुढचा रस्ता मोकळा करायचा, मग मागचं आपोआप येतं. जोर लावला तर वाटाच दबतात.

मग तिने उजवा हात उचलला आणि थांबली. "अम्मा, चेय्यि लूजगा वदिलेयंडि," ती म्हणाली. हात सैल सोडून द्या. मी म्हटलं, सोडलाय की. ती म्हणाली, नाही, तुम्हीच धरून ठेवला आहे, माझ्या हातात वजन येत नाही. मी पुन्हा सोडला. तरी ती म्हणाली, अजून नाही. मला जमेचना. तेव्हा लक्षात आलं, चार वर्षं मी तो हात खांद्याने उचलून धरला होता. झोपेतसुद्धा. ती माझा हात धरून नुसती बसून राहिली. पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी भाजीवाला ओरडत गेला. आणि कधी ते कळलं नाही, पण हात सुटला. सगळाच्या सगळा भार तिच्या तळव्यावर गेला. त्याच क्षणी माझ्या आत एक शब्द उमटला, मी न म्हणता: सरणं. बुद्धं सरणं गच्छामि, शरण जाते, असं आयुष्यभर दिवसातून कितीदा म्हटलेला शब्द. तो म्हणताना मी नेहमी काहीतरी मागत असे, पण भार मात्र स्वतःकडेच ठेवत असे. मी रडत होते. तिचा हात चालू राहिला, भिंतीवर सावली सरकावी तसा.

तीन आठवडे रोज गेले. हलक्या हाताचा स्पर्श, मग बोटांपासून काखेपर्यंत पट्ट्यांचे थर, पट्ट्या बांधूनच हळूहळू व्यायाम. हात उतरला, पण डाव्यासारखा झाला नाही. शेवटच्या दिवशी तिने स्पष्ट सांगितलं, हे कायमचं राहणार, बरं होत नाही, सांभाळावं लागतं. दिवसा हाताला दाब देणारी वेगळी घट्ट बाही घालायची, रात्री पट्ट्या बांधायच्या, त्वचा कोरडी पडू द्यायची नाही, भाजी चिरताना हातमोजा, या हाताला सुई नाही, रक्तदाबाचा पट्टा नाही. पूर्वीची मी असते तर हे ऐकून कोसळले असते. मध्ये एकदा आळस केलाच. लग्नसराईत महिनाभर बाही घातली नाही, आणि हात परत फुगला. पुन्हा पट्ट्या, पुन्हा पहिल्यापासून. तिने रागावून एक शब्द काढला नाही.

दिवाळीच्या आधी मी पेढे घेऊन हिमायतनगरला गेले. तोच जिना, तोच हिरवा पडदा. बाई मशीनवरच होत्या. मी सांगू लागले, उन्हाळ्यात मी आले होते, माझा हात तापला होता. त्यांनी चष्म्यावरून बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि संकोचून म्हणाल्या, "माफ करना बाजी, याद नहीं आ रा. रोज कितने हात नापती मैं." मी त्यांच्या बहिणीचं सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे भरले. "हौ, बहन तो थी. पर आप कू मैं क्या बोली, खुदा कू मालूम." पेढा घेतला, माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी जिना उतरले तेव्हा मला थोडं वाईट वाटलं, आणि मग खूप हलकं वाटलं. ज्या बाईने मला वाचवलं तिच्याकडे त्याची आठवणसुद्धा नाही. तिने काही ठेवूनच घेतलं नव्हतं.

आता रविवारी मी विहारात जाते. कुणी विचारलं तर बाही वर करून दाखवते, काय होतं ते सांगते. ऑपरेशन झालेल्या दोघीजणींना मी स्वतः थेरपीला घेऊन गेले. त्या दुपारी मला चुकीच्या जिन्यावर कुणी चढवलं, या प्रश्नाचं उत्तर मला सापडलेलं नाही, आणि मी शोधतही नाही. मिस्टरांनी थेरपिस्टकडून पट्टी बांधायला शिकून घेतलं आहे. पहिल्या दिवशी त्यांचे थर सुटून पायाशी आले होते, स्नेहल हसून हसून बेजार झाली होती. आता ते रोज संध्याकाळी गॅलरीतल्या दोरीवरून धुतलेल्या पट्ट्या काढतात, मांडीवर नीट गुंडाळतात आणि समोर येऊन बसतात. "घट्ट झालं का?" हे दर थराला विचारतात. मी नाही म्हणते. हात बरा होऊ दे, असं मी आता मागत नाही. संध्याकाळ झाली की मी तो पुढे करते, आणि कुणीतरी तो घेतं. याहून मोठं मागणं मला सुचत नाही.