माझ्या बाकावरचा वकील

तो शिरोळचा. ट्रॅक्टरच्या आवाजावर बोलून त्याचा गळा असा झालाय, की त्याची कुजबूजही फळ्यापर्यंत पोचते. एका बाकावर बसून वर्ष झालं, तरी मला तो ‘पावणं’च म्हणतो.

मी चंदगडचा. आमच्या घरातून कॉलेजात आलेला पहिलाच. अकाउंट्सचे सर इंग्रजीत शिकवतात आणि शेवटी विचारतात, “अंडरस्टूड?” सगळा वर्ग म्हणतो, “येस सर.” मीही म्हणतो. तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशीही म्हणालो. डेप्रिसिएशन मला अजिबात समजलं नव्हतं.

तेवढ्यात तो उठला आणि माझ्याकडे बोट करून म्हणाला, “सर, ह्याला कायबी कळलं न्हाय!”

मी बाकाखाली जायचाच बाकी होतो. सरांनी मला उभं केलं. “खरंच?”

मी मान हलवली.

“अरे, मग आधी सांगायचं की रं!” सरांनी पुस्तक मिटलं आणि मराठीत सुरू केलं. नवा ट्रॅक्टर वापरून जुना होतो, तशी वर्षाला त्याची किंमत उतरते, तोच घसारा. मला समजलं. सरांनाही मोकळं वाटलं असावं. सगळा वर्ग भराभर लिहून घेत होता, त्यात तोही.

तास संपल्यावर मी चिडलो. “माझं नाव कशाला घेतलंस?”

“मला बी कळलं न्हवतं की.”

“मग स्वतःचं सांगायचं!”

“मी इचारलं की सरास्नी वाटतंय, हा टवाळकी करतोय. तुमचं तोंड कसं गरीब हाय, पावणं. आता पुढचा तास स्टॅटिस्टिक्सचा हाय. असंच तोंड करून बसा.”