थॉर्नटन साहेबांचं मूळ गाव

नगर कॅम्पातल्या ऑफिसचे किस्से सांगायला लागलो की आमची मंडळी विचारते, "अहो, मग तिथं काम कधी करत होतात?" करत होतो हो! पण काम विसरलं, किस्से तेवढे राहिले.

महायुद्ध नुकतंच संपलं होतं. लष्कराच्या सामानाच्या ऑफिसात मी टायपिस्ट. हेडक्लार्क खर्डेकर भाऊसाहेब, शिपाई काष्टीचा सखाराम आणि वर कॅप्टन थॉर्नटन साहेब. साहेबांना एकच नाद. आपलं आडनाव कुठून आलं, ते शोधायचं! विलायतेतल्या गावोगावच्या पाद्र्यांना पत्रं जायची, ती टाइप मी करायची. मला माझ्या पणजोबांचं नाव सांगता येत नव्हतं, पण साहेबांच्या सात पिढ्या तोंडपाठ!

*

एका पाद्र्याचं उत्तर आलं. थॉर्न म्हणजे काटा, टन म्हणजे गाव. काटेरी झाडांजवळच्या गावचे, ते थॉर्नटन.

खर्डेकरांनी चष्मा पुसला. "म्हणजे आपले बाभूळगावकर की हो!"

झालं. त्या दिवसापासून साहेबांच्या माघारी त्यांचं नाव बाभूळगावकर. सखारामानं ते थेट काष्टीच्या बाजारात नेलं. पुढच्याच आठवड्यात मुंडासं बांधलेले एक म्हातारबाबा हुरड्याची कणसं घेऊन ऑफिसात हजर!

"आमी बाभूळगावकर. आमच्या भावकीतला कुनी साहेब झालाय म्हनं?"

साहेब बाहेर आले. बाबांनी त्यांना खालीवर न्याहाळलं. "गोरा हाय जरा. पन आमच्यातबी हायेत गोरे."

आम्ही हसू दाबून थिजलो होतो. आता नोकरी जाते की राहते! साहेबांनी खर्डेकरांकडून सगळा अर्थ समजून घेतला, खो खो हसले, सखारामाकडून हुरडा भाजून घेतला आणि बाबांना शेजारी बसवून खाल्ला. मग वंशावळीच्या कागदावर कोपऱ्यात बाबांचं नाव लिहिलं. पुढं लिहिलं, 'दख्खन शाखा'!

*

पण पंचाईत वेगळीच निघाली. विलायतेत थॉर्नटन नावाची गावं ढिगानं! यॉर्कशायरात आहेत, लिंकनशायरात आहेत, खाली डॉर्सेटमध्येही एक. साहेब नकाशावर डोकं धरून बसले. "यातला आमचा गाव कोणता?"

सखाराम चहा ठेवता ठेवता म्हणाला, "त्यात काय अवघड हाय साहेब? कुलदैवत कंचं, ते इचारा!"

साहेबांना ते पटलं. मी तसं पत्र टाइप केलं. यॉर्कशायरच्या पाद्र्याचं उत्तर आलं. एकाच ओळीचं!

'महाशय, आमच्याकडे सगळ्यांना मिळून एकच आहे.'

*

घराण्याच्या फांद्या कुठं कुठं गेल्या, तेही साहेब शोधत होते. एक फांदी आयर्लंडला, तिथून पुढं अमेरिकेला. आणखी एक निघाली ऑस्ट्रेलियात. तिकडच्या थॉर्नटनांनी मोठ्या अभिमानानं कळवलं, की आमचे मूळपुरुष मेंढ्या चोरताना सापडले, म्हणून सरकारनं त्यांना बोटीत घालून इकडं पाठवलं!

साहेबांचा चेहरा पडला.

संध्याकाळी खर्डेकर समजूत घालायला गेले. "साहेब, मनाला लावून घेऊ नका. प्रत्येक घराण्यात असा एखादा असतोच."

"तुमच्याकडे पण आहे?"

"आहे ना! फक्त आमच्याकडे बोटीत घालायची सोय नाही. तो घरातच असतो!"

*

पुढं स्वराज्य येणार हे नक्की झालं, गोऱ्या साहेबांची बांधाबांध सुरू झाली. एका रविवारी थॉर्नटन साहेब म्हणाले, "खर्डेकर, माझा गाव सापडला नाही. जायच्या आधी तुमचा तरी दाखवा!"

खर्डेकर कावरेबावरे झाले. तीन पिढ्या नगरात. त्यांनी स्वतःच खर्डा पाहिला नव्हता! तरी जीपमधून आम्ही निघालो. जामखेडच्या पुढं धुळीनं सगळेच सारख्या रंगाचे झालो.

खर्ड्यात किल्ल्याच्या दरवाजाशी पारावर एक आजोबा बसले होते. साहेबांनी आपल्या मोडक्या मराठीत विचारलं, "इथे खर्डेकर लोकांचा घर कुठे आहे?"

"खर्डेकर? हितं कुनी खर्डेकर न्हाई."

खर्डेकरांचं तोंड एवढंसं झालं. "अहो आजोबा, असं कसं? गावाच्या नावाचं आडनाव आमचं!"

"म्हनूनच न्हाई!" आजोबा म्हणाले. "हितं सगळेच खर्ड्याचे, मग एकाला खर्डेकर कोन म्हनंल? गाव सोडून जातो, त्याला बाहेरची लोकं म्हनत्यात खर्डेकर."

साहेब हळूच पाराच्या कडेला बसले. त्यांचा जन्म नगर कॅम्पातला. आई तिथंच गेली, तिथंच पुरली. विलायतेत राहिले ते काय ते शाळेपुरते.

"खर्डेकर," ते म्हणाले, "मी आता बोटीनं तिकडे जाणार. तिकडची लोकं मला काय म्हणतील?"

भाऊसाहेब क्षणभरही थांबले नाहीत.

"नगरकर, साहेब!"