व्याह्यांची गाडी आणि धुराची परीक्षा

माझ्या व्याह्यांइतकं काळजी करणारं माणूस सबंध पनवेलात दुसरं नसेल, आणि कुठे असलंच तर ते त्यांच्याच हाताखाली तयार झालेलं असेल. व्याही म्हणजे माझ्या लेकीचे सासरे. लेक दिली तेव्हा सगळ्यांनी मला सांगितलं होतं, घर चांगलं आहे, माणसं मोकळी आहेत, डोळे मिटून द्या. घरात एक जुनी गाडी आहे हेही सांगितलं होतं. पण त्या घरात सगळ्यात वडीलधारी तीच आहे आणि तिच्या तब्येतीवर घरातल्या सगळ्यांचा रक्तदाब चालतो, हे मात्र कुणी बोललं नाही. दुधी रंगाची, गोल डोळ्यांची, व्याह्यांच्या वडिलांनी नवीकोरी घेतलेली गाडी ती. वडील गेले, गाडी राहिली, आणि वडिलांची सेवा करायची राहून गेली असं वाटणारी माणसं करतात ना, तशी ते तिची सेवा करत आले.

सकाळी अंघोळ झाली की देवाच्या आधी गाडी. चोक ओढून ती सुरू करायची, आणि बाजूला उभं राहून डोळे मिटून तिचं खोकणं ऐकायचं. "आज ओला आहे खोकला," म्हणायचे, किंवा "कालच्यापेक्षा कोरडा आहे, बरं आहे." मग खिशातून पांढरा रुमाल काढायचा, तो सायलेन्सरच्या तोंडाशी धरायचा, आणि मग दारात जाऊन उजेडावर धरून बघायचा, डॉक्टर छातीचा फोटो बघतात तसा. रुमाल काळपट आला की त्या दिवशी न्याहारीला हात लावायचे नाहीत. माझ्या विहीणबाई पोह्यांची बशी घेऊन उभ्या. त्या मूळच्या आपट्याच्या, पाताळगंगेच्या काठच्या. एरवी तुमच्याआमच्यासारखं बोलतात, पण चिडल्या की तिकडची बोली तोंडात येते. "लग्नात माझ्या बापानं दिलेलं सगळं रुमाल या बाईच्या तोंडाला पुसून झालं," म्हणायच्या. "माझ्या तोंडाला एक तरी पुसलाय का? नाय!"

मला ते ताई म्हणतात, मी त्यांना भाऊ म्हणते. पण म्हटलं काहीही, तरी मी पडले मुलीकडची. व्याही गाडीत बसा म्हणाले की बसायचं, नाही म्हणायची सोय नाही. बसायचं म्हणजे तरी काय? चपला बाहेर झटकायच्या. दाराला जोर लावायचा नाही. "ताई, दार लावायचं नसतं, निजवायचं असतं," असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी शिकवलं. चढ आला की सगळ्यांनी गप्प बसायचं, बोललं की तिचं लक्ष उडतं म्हणे. रेल्वेवरच्या पुलाचा चढ चढताना आम्ही चौघं अशी श्वास धरून बसतो की बाजूने जाणाऱ्याला वाटावं, गाडीत कुणीतरी गेलंय. एकदा लेकीच्या डोहाळजेवणाला जाताना गाडी मध्येच थांबली. मी पैठणीत. व्याही खाली उतरले, बॉनेटवर हात ठेवून दोन मिनिटं काहीतरी पुटपुटले आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, जरासा धक्का..." काय करता? पदर खोचला आणि ढकलली. सगळे बघत होते. व्याही आतून ओरडत होते, "ताई, हळू! दुखेल तिला!"

गाडीला पन्नास वर्षं पूर्ण झाली तेव्हा त्यांनी तिची पन्नाशी केली. खरंच केली, गंमत नाही सांगत. पाच सवाष्णी बोलावल्या, तबकात निरांजन, सुपारी, बॉनेटवर हळदकुंकू. आमचे हे गेल्यापासून अशा वेळी मी आपली मागच्या मागे उभी राहते, सवयच झाली आहे. व्याह्यांचं लक्ष गेलं. "ताई, तुम्ही मागे का?" मी म्हटलं, असू दे भाऊ. ते म्हणाले, "असू दे काय? तिला भर रस्त्यात ढकलायला तुम्ही होतात, या पाचजणी कुठे होत्या? पहिला मान तुमचा." आणि तबक माझ्या हातात दिलं. त्या दिवशी मी त्या गाडीला ओवाळलं, आणि खरं सांगते, निरांजनाच्या उजेडात मला त्या गाडीचा चेहरा दिसेना, इतके डोळे भरले होते. असा हा माणूस. त्याला हसावं की त्याच्या पाया पडावं, हे अजून माझं ठरलेलं नाही.

या पन्नाशीनंतरच सगळा घोर सुरू झाला. गाडीची नोंदणी पुन्हा करायची वेळ आली होती, आणि त्याला धुराचा दाखला लागतो. दाखला नाही तर नोंदणी नाही, नोंदणी नाही तर गाडी रस्त्यावर नाही, आणि रस्त्यावर नाही तर शेवटी भंगारात. ही साखळी व्याही दिवसातून कितीदा तरी म्हणत, जपासारखी. झोप गेली, भूक गेली. जासईच्या रस्त्याला ट्रेलर काळे ढग सोडत जाताना दिसले की म्हणत, "बघा, यांना कोणी विचारत नाही. आमची म्हातारी जरा खोकली की सगळा गाव वळून बघतो." गॅरेजमध्ये चार खेपा झाल्या. रुमालांचा रंग काही बदलेना.

आणि मग एक दिवस जावयांनी, म्हणजे त्यांच्या मुलानं, बातमी आणली. पन्नास वर्षांवरची गाडी मूळ रूपात असेल तर तिची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते. मग भंगाराची भीती नाही, आणि धुराच्या परीक्षेतून सूट असते म्हणे. व्याही खुर्चीतून उठले, परत बसले, परत उठले. "म्हणजे परीक्षाच नाही?" "नाही बाबा." त्याच संध्याकाळी आळीभर पेढे. "आमची परीक्षेला न बसताच पास!" शेजारचे किराणावाले चाचा, जे बरीच वर्षं दुबईत होते, त्यांनी पेढा तोंडात टाकून विचारलं, "मुबारक हो भाऊ! पण परीक्षेला न बसणाऱ्याला पुढच्या वर्गात बसायला जागा देतात का, ते जरा विचारून घ्या." व्याही हसले. मीही हसले. तेव्हा कुणाला काय ठाऊक!

दुसऱ्या दिवशी आरटीओच्या ऑफिसात मला बरोबर नेलं. बाईमाणूस सोबत असलं की लोक नीट बोलतात, असा त्यांचा हिशेब. खिडकीतले साहेब खरंच नीट बोलले. गाडीचे फोटो बघून म्हणाले, "छान ठेवलीय काका. होईल काम. फक्त एक लक्षात घ्या, मग ही रोज नाही वापरायची. प्रदर्शनाला न्या, रॅलीला न्या, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला न्या. बाकी घरी उभी."

व्याही खिडकीशी वाकले. "आणि बायकोच्या माहेरी?"

"ते यात नाही बसत, काका."

"साहेब, आमची गाडी सासरवाडीला गेली की अर्धं आपटा बघायला जमतं. हे प्रदर्शन नाही का?"

साहेब हसले, रांगेत मागे उभे असलेले दोघे हसले. व्याही हसले नाहीत. कागद उचलले, नीट पिशवीत घातले, आणि बाहेर येऊन गाडीत न बसता तिच्या दाराला टेकून उभे राहिले.

आता इथे तुम्हांला सांगायला हवं. विहीणबाईंना गाडी लागते. कुठलीही. बस, रिक्षा, जावयांची ती काचबंद थंडगार गाडी, कशातही बसल्या की पळस्पे फाटा येण्याआधीच पोटात ढवळतं. फक्त या म्हातारीत लागत नाही. पुढच्या दाराला ती छोटी तिकोनी काच असते ना, जुन्या गाड्यांना, ती जराशी वळवली की वारा नेमका तोंडावर येतो. त्या वाऱ्यावर विहीणबाई दर शनिवारी आपट्याला जातात. तिथे त्यांची थोरली बहीण आहे, आक्का. अंथरुणाला खिळलेली. बहिणीच्या हातचे दोन घास त्या दिवशी ती खाते, एरवी सुनेला दाद देत नाही. म्हणजे सूट घेतली तर गाडी वाचणार, पण दारात उभी राहणार आणि शनिवार बंद. परीक्षेला बसवली आणि नापास झाली तर गाडीही जाणार, शनिवारही जाणार.

घरी आल्यावर जावयांनी समजावलं, "बाबा, सूट घ्या. आईला मी नेत जाईन, काचा उघड्या ठेवून." विहीणबाई आतून म्हणाल्या, "माझी काळजी नका करू, गाडी वाचवा. आक्काशी मी फोनवर बोलेन." हे त्या इतक्या नीट, शुद्ध भाषेत बोलल्या की मला धडकी भरली. चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. व्याह्यांनाही ते कळलं असणार. जेवले नाहीत. हात धुऊन एवढंच म्हणाले, "परवा परीक्षेला बसवू."

परीक्षेची जागा म्हणजे रस्त्याकडेला झाडाखाली एक व्हॅन, आत यंत्र, आणि एक मिशाळ गृहस्थ. व्याही घामाने भिजलेले. मी आणि विहीणबाई मागे उभ्या. मिशाळ गृहस्थांनी सायलेन्सरमध्ये नळी घातली, गाडी सुरू करायला सांगितली आणि यंत्राकडे वळले. आणि एकदम खोकायला लागले. असे खोकले की डोळ्यांतून धारा. व्याही खोकले, मी खोकले, रस्त्यावरचा सायकलवाला खोकत खोकत निघून गेला. गाडीमागून धुराचा लोट. "काका," मिशाळ गृहस्थ डोळे पुसत म्हणाले, "ही गाडी पेट्रोल पिते की मिरच्या खाते?"

व्याह्यांचा चेहरा पांढराफटक. झालं, गेली. मला वाटलं, आता हे इथेच बसतात.

तेवढ्यात गाडीमागून आवाज आला, "ओ दादा, तो धूर गाडीचा नाय! दृष्टीचा हाय!"

बघते तर माझ्या शेजारच्या विहीणबाई कधीच तिकडे जाऊन वाकलेल्या. बाजूला कणसं भाजणारी बाई बसली होती, तिच्याकडून दोन निखारे मागून घेतलेले, त्यावर घरून आणलेल्या मीठ-मोहरी-मिरच्या, आणि लोखंडी पळीतून गाडीची दृष्ट काढणं चाललेलं. बरोबर सायलेन्सरच्या बाजूला. "पेढे वाटलेत आळीभर," त्या मला म्हणाल्या, "दृष्ट लागणार नाय तर काय?" मग मिरच्यांकडे बघून त्यांचा चेहरा पडला. "पण ठसका आला की हो! म्हणजे दृष्ट नव्हतीच!"

"नव्हती ना? मग विझव ते!" व्याही ओरडले. इतक्या वर्षांत बायकोवर त्यांनी चढवलेला आवाज मी त्या दिवशीच ऐकला.

वारा येऊन सगळं निवळेपर्यंत थांबलो. मिशाळ गृहस्थांनी आम्हां दोघींना रस्त्यापलीकडे उभं केलं आणि पुन्हा नळी घातली. तिथून काही ऐकू येत नव्हतं. नुसती व्याह्यांची पाठ दिसत होती. विहीणबाईंनी माझा हात धरला होता, आणि तो इतका घट्ट की माझी बांगडी रुतत होती. मग व्याही वळले. हाताने या म्हणाले. तेव्हा कळलं, म्हातारी पास झाली.

शनिवारच होता तो. मला घराशी सोडून दोघं तसेच आपट्याला निघाले. मी खिडकीशी वाकून म्हटलं, "भाऊ, दाखल्याची मुदत संपली की पुन्हा हेच?"

"पुन्हा हेच, ताई."

"मग ती सूट?"

त्यांनी शेजारी पाहिलं. विहीणबाई काच वळवून वारा नेमका कुठून येतो ते बघत होत्या. ते आवाज उतरवून म्हणाले, "घेऊ की. आक्का आहेत, ही आहे, तोवर म्हातारीला बसू दे परीक्षेला. जायचं कुठे उरलं नाही की त्या दिवशी घेऊ सूट."

"आता निघा," विहीणबाई म्हणाल्या, "आक्का जेवायची थांबली आसंल."

तेव्हापासून एक झालंय. त्यांची काळजी मला लागली आहे. शनिवारी सकाळी चहा घेऊन मी गॅलरीत उभी असते. गाडी खालून जाते, दोघांचे हात बाहेर येतात, मी हात करते आणि कामाला लागते. एखाद्या शनिवारी उशीर होतो. चहा निवतो. मी आत येऊन फोन हातात घेते. निघालात का, एवढंच तर विचारायचं असतं. पण पलीकडून व्याही म्हणाले, "आता कुठे जायचं, ताई?" तर मी काय बोलू? फोन तसाच ठेवते, आणि पुन्हा गॅलरीत जाऊन उभी राहते.