उगवतीच्या तोंडाचं चर्च

साइटवर सिमेंट कमी पडतं, किस्से कधीच पडत नाहीत! ऐंशीच्या दशकातली वाशी, मी ड्राफ्ट्समन. एकट्या चर्चच्या किश्शांवर आमची चार-पाच वर्षांची टाइमपासची सोय झाली.

*

फादर आले ते बगलेत जाडजूड पुस्तक घेऊन. त्यात इंग्लंडमधल्या खेड्यातलं चर्च. दगडी भिंती, टोकदार कमानी, उंच मनोरा. "सेम असंच पाहिजे!"

आमचे आर्किटेक्ट साहेब म्हणाले, "फादर, तिकडे बर्फ पडतो म्हणून छपराला एवढा उतार."

"मग इकडे पाऊस काय कमी पडतो? ठेवा उतार!"

*

मनोऱ्याला मात्र साहेबांनी नकार दिला. खाली सगळा खाडीचा भराव! फादरनी लगेच पुस्तक उघडलं. "या चर्चच्याही भिंती आधी, मनोरा शंभर वर्षांनी. मी थांबतो. पण चर्च नाताळपर्यंत द्या."

जानेवारीत त्यांची बदली होती. सहा वर्षं त्यांनी भाड्याच्या गाळ्यात, शटर वर करून प्रार्थना घेतली होती. एकदा तरी खऱ्या चर्चमध्ये घ्यायची होती.

*

हाशा मिस्त्री शेजारच्याच गावचा. पाच देवळं बांधलेला माणूस, नकाशा बघतो म्हणजे आमच्यावर उपकार! टोकदार कमान बघून म्हणाला, "दोन गवंडी दोन बाजूंनी चढले नि वर टक्कर झाली!"

*

पंधरा दिवस मी तापाने घरी. परत येतो तर पाया भरून तयार, आणि चर्च उलटं! वेदी पूर्वेला हवी, दार पश्चिमेला. हाशाने दारच पूर्वेला नेलं होतं.

"अरे, नकाशा बघितला नाहीस?"

"बगितला. चुकला हाय. उगवतीला पाठ करनारा देव मी नाय बगितला!"

पाया उखडायचा तर नाताळ हातचा गेला. फादर पायाभोवती एक फेरी मारून आले आणि पुस्तक मिटलं. "लोक देवाकडे बघतील, देव सूर्याकडे. मधे बोलणारा मी कोण? बांध, हाशा!"

*

नाताळची सकाळ. रंग ओला, बाक उसने, वीज आलेली नाही. फादर वेदीमागे लोकांकडे तोंड करून उभे राहिले. दार उघडलं आणि ऊन थेट त्यांच्या डोळ्यांत! हातातल्या प्रार्थनेच्या पुस्तकातलं अक्षर दिसेना. दार लावावं तर आत अंधार. फादर थांबले, सगळेच थांबले.

हाशा बाहेर नव्या धोतरात उभा होता. चपला काढून तो उंबऱ्यात आला. त्याची सावली बरोबर फादरच्या पुस्तकावर पडली. फादर वाचू लागले.

ऊन वर चढेल तशी हाशा पायाखाली एकेक वीट घेत गेला. प्रार्थना संपली तेव्हा तो पाच विटांवर उभा होता!